रिओहाची मुरलेली पांढरी वाइन: विउरा द्राक्ष आणि ओकचं पिंप यांची ओळख करून घेताना

नाशिककडच्या एखाद्या वायनरीत शेनिन ब्लांक किंवा सॉव्हिन्यो ब्लांक चाखून ज्यांनी पांढऱ्या वाइनला सुरुवात केली, त्यांना स्पेनमधल्या रिओहाची मुरलेली पांढरी वाइन पहिल्या घोटाला बुचकळ्यात टाकते. रंग चांगला पिवळाधमक. ताज्या फळांचा वास कमी. मेण, सुकामेवा, वाळलेलं संत्र्याचं साल यांचाच जास्त. वास गोडसर येतो, पण जिभेवर साखरेचा मागमूस नाही, उलट आंबटपणा खणखणीत. "ही खराब तर झाली नाही ना?" असं लोक विचारतात आणि पेला बाजूला ठेवतात. फार वाईट वाटतं मला त्याचं. वाइन उत्तम असते, फक्त तिच्यापर्यंत पोचायचा क्रम चुकलेला असतो, किंवा ती फ्रीजमधून काढून तशीच गारढोण ओतलेली असते. म्हणून द्राक्षापासून पेल्यापर्यंतची वाट इथे क्रमाने सांगतो आहे.

आधी द्राक्ष समजून घ्या

उत्तर स्पेनमध्ये एब्रो नदीच्या दोन्ही काठांनी रिओहा पसरलेलं आहे. जगभर त्याचं नाव आहे ते लाल वाइनसाठी, तेम्प्रानियो द्राक्षासाठी. पांढऱ्या द्राक्षांची लागवड एकूण लागवडीच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास, आणि तिच्यात सर्वांत जास्त विउरा. हेच द्राक्ष स्पेनच्याच कातालोन्या प्रांतात माकाबेओ म्हणून ओळखलं जातं. तिथे चारेलो आणि पारेयादा या द्राक्षांच्या जोडीने त्याची कावा ही फेसाळ वाइन बनते. म्हणजे तुम्ही कधी कावा प्यायला असाल तर विउरा तुमच्या ओळखीची आहे, फक्त वेगळ्या रूपात.

विउराचा घड मोठा आणि गच्च असतो. मणी एकमेकांना इतके चिकटलेले की पावसाळी हवेत आत ओल अडकते आणि कूज लागते, त्यामुळे मळेवाल्याला डोळ्यांत तेल घालून राहावं लागतं. वेलीला कोंब उशिरा फुटतात, म्हणून वसंतातल्या गोठवणाऱ्या दहिवरातून ती बऱ्याचदा सुटते. पीक भरपूर देते. आणि इथेच तिची बदनामी झाली. भरमसाट पीक घेतलं की रस पाणचट होतो, वाइन बेचव होते, आणि दोष द्राक्षावर जातो. उंचावरच्या चुनखडीच्या जमिनीत, जुन्या वेलींवर, मोजके घड ठेवले की तीच विउरा घट्ट, आंबटपणा टिकवून धरणारा रस देते.

तिचा स्वतःचा वास मात्र अबोल असतो: हिरवं सफरचंद, लिंबाचं साल, थोडी बडीशेप, थोडी रानफुलं. सॉव्हिन्यो ब्लांकसारखी ती पेल्यातून उसळून येत नाही. नवख्या माणसाला हा कमीपणा वाटेल, पण पिंपात वर्षानुवर्षं ठेवायला असंच द्राक्ष हवं. ज्याचं सगळं सौंदर्य ताज्या सुगंधात आहे त्याला काळ ओरबाडून टाकतो. विउराचा सांगाडा आंबटपणाचा आहे, आणि हवेने ती लवकर बिघडत नाही. काळाला तिच्यावर काम करायला जागा मिळते.

तिच्या सोबतीला थोडं माल्वासिया किंवा गार्नाचा ब्लांका ही पांढरी द्राक्षं घालायची जुनी रीत आहे. बाटलीवर ही नावं दिसली तर गोंधळून जाऊ नका, बहुतेक ठिकाणी मुख्य भाग विउराचाच असतो.

मग पिंप नेमकं काय करतं ते

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिलॉक्सेरा या किडीने फ्रान्समधले द्राक्षमळे उद्ध्वस्त केले आणि बोर्दोचे व्यापारी वाइनच्या शोधात रिओहात उतरले. आरो या गावापर्यंत रेल्वे आली होती, माल बिल्बाओ बंदराकडे नेणं सोपं होतं. त्यांच्याबरोबर 225 लिटरचं ओकचं पिंप आणि त्यात वाइन मुरवण्याची शिस्त इथे पक्की झाली. पुढे 1899 मध्ये कीड रिओहातही पोचली, मळे नव्याने लावावे लागले, आणि त्या लागवडीत पांढऱ्या द्राक्षांमध्ये विउराने आघाडी घेतली. पण पिंपांची शिस्त टिकली. रिओहात ओक बराचसा अमेरिकेतून येत राहिला, फ्रेंच ओकचा वापर नंतर वाढला.

पिंप दोन वेगवेगळी कामं करतं. पुढचं सगळं यावर अवलंबून आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

पहिलं काम लाकडाच्या चवीचं. पिंप बनवताना फळ्या विस्तवावर तापवून वाकवतात, आतली बाजू भाजली जाते. अशा नव्या पिंपात वाइन गेली की व्हॅनिला, भाजल्याचा वास, आणि अमेरिकन ओक असेल तर खोबऱ्याची छटाही तिच्यात उतरते. पिंप दोन-चार वेळा वापरलं की हा अंश ओसरत जातो.

दुसरं काम हवेचं. लाकडाच्या रंध्रांतून आणि सांध्यांतून अगदी थोडा प्राणवायू आत शिरत राहतो. वाइन थोडी थोडी उडून जाते, पिंप वरून भरून घ्यावं लागतं. गाळ तळाला बसतो, मग वाइन दुसऱ्या पिंपात काढतात. या संथ श्वासोच्छ्वासातून रंग गडद होतो, फळाचा वास मागे सरतो, अक्रोड-बदामाचा, मधाचा, मेणाचा वास पुढे येतो.

जुन्या पिंपात लाकडाची चव जवळपास नसते, हवेचं काम तेवढं चालू राहतं. म्हणून सहा महिने नव्या पिंपात राहिलेली वाइन ही सहा वर्षं जुन्या पिंपात राहिलेल्या वाइनपेक्षा कितीतरी जास्त "लाकडी" लागू शकते. "किती महिने पिंपात?" एवढंच विचारून भागत नाही. "पिंप नवं की जुनं?" हेही विचारा. दुकानदाराला किंवा वायनरीतल्या माणसाला हा एक प्रश्न विचारलात की तुमच्याशी बोलण्याचा त्याचा सूरच बदलतो.

लेबल वाचायला शिका

समोरच्या लेबलवर ब्लांको म्हणजे पांढरी, आणि कोसेचाच्या पुढे लिहिलेलं साल म्हणजे द्राक्षं तोडल्याचं साल. खरी माहिती बाटलीच्या मागे असते. रिओहाची नियामक मंडळी प्रत्येक बाटलीला क्रमांक असलेलं छोटं प्रमाणलेबल देतात, आणि त्याच्या रंगावरून मुरवण्याची पायरी कळते: हिरवं साध्या वाइनला, लाल क्रियान्झाला, गडद मरून रेसेर्वाला, निळं ग्रान रेसेर्वाला.

पांढऱ्या वाइनसाठी क्रियान्झा म्हणजे किमान 6 महिने पिंपात. रेसेर्वा म्हणजे एकूण 2 वर्षं मुरवण, त्यातले किमान 6 महिने पिंपात. ग्रान रेसेर्वा म्हणजे एकूण 4 वर्षं, पिंपातले महिने पुन्हा किमान 6च. पिंपातली किमान मुदत तिन्हींना सारखीच आहे, वाढत जातो तो एकूण काळ. त्यामुळे वाइन बनवणाऱ्या दोन घराण्यांच्या ग्रान रेसेर्वा एकमेकींपासून कोसभर लांब असू शकतात. एकाने नियमापुरतं केलेलं असतं, दुसऱ्याने दहा वर्षं पिंपात ठेवलेलं असतं.

आणखी एक शब्दप्रयोग दिसेल: फेर्मेन्तादो एन बारिका. म्हणजे रस आंबवला तोच पिंपात, आणि नंतर काही महिने यीस्टच्या गाळासकट तिथेच ठेवला. या वाइन्स हिरव्या लेबलाच्याही असतात, तरी पिंपाची ओळख करून घ्यायला चांगल्या.

तीन बाटल्या, याच क्रमाने

एकदम दहा-बारा वर्षांच्या बाटलीवर उडी मारू नका. चार-पाच मित्रमंडळी जमवा, खर्च वाटून घ्या, आणि शक्यतो एकाच संध्याकाळी तीन बाटल्या ओळीने उघडा. प्रत्येकाला प्रत्येक वाइनचे चार-पाच घोट पुरेत. घरी जायला गाडी चालवणारा कुणी पिणार नाही, हे आधीच ठरवा.

पहिली बाटली पोलादी टाकीतली, तरुण विउरा. 1970च्या दशकात थंड तापमानाला पोलादी टाकीत रस आंबवण्याचं तंत्र रिओहात आलं आणि पांढऱ्या वाइनचा नूरच पालटला. मुरवलेल्या पांढऱ्या वाइन्स जुनाट मानल्या जाऊ लागल्या. मार्केस दे रिस्कल या 1858 सालच्या नामवंत घराण्याने तर पांढऱ्या वाइनसाठी रिओहा सोडून रुएदा हा स्पेनमधलाच दुसरा वाइन-प्रदेश गाठला आणि तिथल्या वेर्देहो द्राक्षावर भर दिला. बऱ्याच घराण्यांनी पिंपातली पांढरी वाइन बंद केली. ही पहिली बाटली त्या बदलाची आहे: फिकट, लिंबू-सफरचंदाची, झटकन संपणारी. तिच्यात फार काही शोधू नका. द्राक्षाचा मूळ आवाज कानात बसावा, एवढ्यासाठीच ती आहे.

दुसरी पिंपात आंबवलेली. आरोमधल्या मुगा घराण्याची पांढरी वाइन या जातीचं चांगलं उदाहरण, बहुतांशी विउराची. इथे नवं लाकूड आणि यीस्टचा गाळ दोन्ही कळतात. वाइन जिभेवर भरीव लागते, व्हॅनिलाचा हलका वास येतो. मार्केस दे मुर्रिएताची कापेयानिया एका मळ्यातल्या विउराची, फ्रेंच ओकमध्ये वर्षाहून जास्त राहिलेली. ती आणखी गंभीर आणि किमतीलाही वरची आहे. दोन्हींपैकी मिळेल ती घ्या.

तिसरी बाटली ही या सगळ्या खटाटोपाचं कारण. 1877 मध्ये स्थापन झालेल्या लोपेस दे एरेदिया या घराण्याने आजवर आपली पद्धत जवळजवळ बदललेली नाही. फॅशन पालटली, समीक्षक पालटले, यांनी पिंपं रिकामी केली नाहीत. त्यांची विन्या ग्राव्होनिया ही निव्वळ विउरा, सुमारे 4 वर्षं पिंपात, आणि बाजारात येते ती तोडणीनंतर साधारण दहा वर्षांनी. वरची पायरी विन्या तोंदोनिया ब्लांको रेसेर्वा. तिच्यात विउराच्या जोडीला थोडं माल्वासिया, आणि पिंपात सुमारे 6 वर्षं. तोंदोनिया हा एब्रोच्या वळणात वसलेला त्यांचा शंभर हेक्टरांहून मोठा मळा. हे लोक आपली पिंपं स्वतःच बनवतात. अमेरिकन ओक आणतात, फळ्या उघड्यावर सुकवतात, आणि पिंप दुरुस्त करून करून दीर्घकाळ वापरतात. म्हणूनच इतकी वर्षं लाकडात राहूनही वाइनला खोबऱ्या-व्हॅनिलाची पुटं चढत नाहीत.

सुरुवातीला ग्राव्होनियाच घ्या. तोंदोनियापेक्षा ती स्वस्त आहे, आणि विउरा एकटी काय करू शकते ते स्वच्छ दाखवते.

या दोन टोकांच्या मध्येही काही आहे. कुने घराण्याची मोनोपोल 1915 पासूनची. आज ती तरुण, ताजी मिळते, पण तिचंच क्लासिको हे रूप जुन्या रीतीने, मान्झानिया शेरी या दक्षिण स्पेनमधल्या कडक वाइनचा थोडा अंश घालून बनवलेलं असतं. किंचित खारट झाक आवडणाऱ्यांना ती फार भावते. आणि वरच्या टोकाला मुर्रिएताची कास्तियो इगाय 1986: तब्बल 21 वर्षं पिंपात, विक्रीला आली 2016 मध्ये. ती विकत घ्या असं सांगत नाही, आपल्यापैकी थोड्यांनाच परवडेल. विउराची दमछाक किती उशिरा होते, त्याचा हा पुरावा आहे.

मिळण्याबद्दल थोडं. लंडन किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या वाचकांना या बाटल्या चांगल्या दुकानांतून सहज सापडतील. भारतात आयात शुल्कामुळे किंमत बरीच चढते, निवडही तोकडी असते, शिवाय महाराष्ट्रात वयाची आणि परवान्याची अट पाळावी लागते. परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाला एक बाटली आणायला सांगायची असेल तर पहिली दोन इथे शोधा आणि तिसरी त्याच्याकडून मागवा.

घरी आणल्यावर

मुंबईचा दमट उन्हाळा किंवा नागपूरचा मे महिना या वाइनला मानवत नाही. स्वयंपाकघरातल्या कपाटात, गॅसच्या वर, तर मुळीच ठेवू नका. वाइनचं खास कपाट नसेल तर फ्रीजच्या भाजीच्या कप्प्यात आडवी ठेवा. काही महिने तिला काही होत नाही.

प्यायच्या आदल्या दिवशी बाटली उभी करा. तळाशी साखरेसारखे पारदर्शक स्फटिक दिसले तर घाबरू नका. ते द्राक्षातल्याच आम्लाचे असतात, निरुपद्रवी. ओतताना शेवटचा घोट बाटलीत राहू द्या, झालं.

जुनं बूच ठिसूळ असतं. स्क्रू अगदी मधोमध, सरळ आणि शेवटपर्यंत खोल घाला, मग हळूहळू ओढा. तुटलंच तर तुकडे गाळणीतून गाळून घ्या, वाइन बिघडत नाही.

तापमानाकडे मात्र काटेकोर लक्ष हवं. तरुण विउराला 8 ते 10 अंश चालतात. मुरलेल्या बाटलीला 12 ते 14 अंश लागतात. घरचा फ्रीज 4-5 अंशांवर असतो, म्हणून ती वाढण्याआधी अर्धा तास तरी बाहेर काढून ठेवा, हिवाळ्यात आणखी थोडा वेळ. अति थंड असली की तिचा वास मिटून जातो आणि नुसता आंबटपणा पुढे येतो. पेलाही निमुळता चिमुकला नको, लाल वाइनचा पोटाळा पेला घ्या. आणि बूच काढून तासभर तरी जाऊ द्या, घाईघाईत ओतलेला पहिला पेला तिच्यावर अन्याय करतो.

चाखताना

पेला तिरपा करून पांढऱ्या कागदावर धरा. तरुण वाइनच्या कडेला हिरवट झाक असते, मुरलेलीचा रंग मध्यभागी सोनेरी आणि कडेला उजळ असतो. तो तपकिरी, मळकट असेल आणि वास कुजक्या सफरचंदाचा किंवा व्हिनेगरचा येत असेल, तर बाटली खरोखरच गेली आहे. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बूच दूषित होतं. या दोन गोष्टी नसतील तर बाकी सगळं तिचं स्वतःचं आहे.

आधी पेला न हलवता वास घ्या, मग हलवून. पहिल्यांदा मेण आणि सुकामेवा येईल, थोड्या वेळाने संत्र्याचं वाळलेलं साल, केशराची पुसट आठवण, मागून कुठेतरी अजून ताजं लिंबू. घोट घेऊन तोंडात फिरवा. गाल आतून पाझरू लागले की आंबटपणा जिवंत आहे असं समजा. गिळल्यानंतर किती वेळ चव रेंगाळते ते मनातल्या मनात मोजा. तरुण विउरा चार-पाच आकड्यांत विरते, ग्राव्होनिया तुम्हाला मोजायला विसरायला लावते. पहिल्या पेल्याशेजारी ती ठेवा आणि आलटून पालटून घोट घ्या. बडीशेपेचा तो धागा दोन्हींत सापडला की विउरा तुम्हाला कळली.

अर्धा पेला राखून ठेवा आणि तासाभराने पुन्हा प्या. पुष्कळदा तोच सर्वांत सुरेख असतो. उरलेली बाटली बूच लावून फ्रीजमध्ये ठेवलीत तर चार-पाच दिवस उत्तम राहते. हवेशी तिची वर्षानुवर्षांची ओळख असते. पहिली, तरुण बाटली मात्र दोन दिवसांत संपवा.

ताटात काय

रिओहात ती मेनेस्त्रा या मिश्र भाज्यांच्या रश्शाबरोबर, नाव्हाराच्या पांढऱ्या शतावरीबरोबर, खारवलेल्या कॉड माशाबरोबर आणि इदियासाबाल या मेंढीच्या दुधाच्या चीजबरोबर पितात. रिओहाची राजधानी लोग्रोन्यो, तिथल्या काये लाउरेल या गल्लीत लसूण-तेलात परतलेली तीन अळंबी पावावर एकावर एक रचून, वर कोळंबी टोचून देतात. त्याच्याबरोबर मुरलेली पांढरी वाइन म्हणजे सुख.

आपल्याकडच्या जेवणात ओल्या काजूंची उसळ तिच्याशी फार छान जुळते, कारण दोघींत तोच सौम्य, स्निग्ध गोडवा आहे. तव्यावर परतलेली सुरमई, नारळाच्या दुधातली कोळंबी, साधं वरण-भात-तूपसुद्धा. तांबडा रस्सा किंवा झणझणीत मिसळ नको. तिखटापुढे तिचे बारीकसारीक वास टिकत नाहीत आणि आंबटपणा टोचतो.

आणि जमलं तर आरोला जा

बिल्बाओ विमानतळावर उतरलात तर आरो तिथून शंभरेक किलोमीटर. गावाच्या रेल्वे स्टेशनला लागून असलेल्या वस्तीत लोपेस दे एरेदिया, कुने, मुगा, ला रिओहा आल्ता ही जुनी घराणी एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. भेटीची वेळ आधी ठरवावी लागते, आयत्या वेळी दार उघडलं जाईलच असं नाही. 29 जूनला गावात वाइनची लढाई असते, लोक डोंगरावर जाऊन एकमेकांना लाल वाइनने भिजवतात. निवांत चाखायचं असेल तर ते दिवस टाळा. तोडणी पाहायची असेल तर सप्टेंबर-ऑक्टोबर.

लोपेस दे एरेदियाच्या तळघरात उतरलात की भिंतींवर काळी बुरशी आणि बाटल्यांवर कोळ्यांची जाळी दिसतील. ती मुद्दाम ठेवलेली आहेत: बुचाला लागणाऱ्या पतंगांचा समाचार कोळी घेतात.

बारमध्ये मागवताना एक लक्षात ठेवा. रिओहात नुसतं "क्रियान्झा" म्हणालात तर न विचारता लाल वाइन समोर येईल, आणि नुसतं "ब्लांको" म्हणालात तर बहुधा पोलादी टाकीतली तरुण. तुम्हाला हवी ती मिळवायची असेल तर "ब्लांको कोन क्रियान्झा" म्हणा, आणि कोणत्या सालची आहे ते विचारा. काउंटरमागचा माणूस बहुतेक वेळा मान वर करून पाहतो, खालच्या फळीवरची बाटली काढतो आणि थोडा मोठा पेला घेतो.